कच्ची वही

(१९८१च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण)





सकाळच्या प्रार्थनेनंतर दहा-पंधरा मिनिटं बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं. विषय कोणता, असं विचारल्यावर म्हणाले, "तू रोज बायबल वाचतेस, त्यातलंच काहीतरी सांग; पण सगळ्यांना कळेल असं सांग." आपल्या तुकडीत ख्रिस्ती होते तसेच हिंदू, मुसलमान आणि जैनही होते. एका घंटेला आपण सगळे एका रांगेत उभे राहायचो. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते माझ्या श्रद्धेतून सांगणार असले, तरी कुणाला परकं वाटेल असं मला वाटत नाही.

काल दिवसभर आपण सगळे एकमेकांना एकच वाक्य म्हणत होतो : "अगं, तू अजिबात बदलली नाहीस!" आता साठीला आलेल्या माणसांनी एकमेकांना असं म्हणावं, हे धादांत खोटं आहे, पण ते प्रेमाचं खोटं आहे, त्याला माफी आहे. कलप लावलेले केस, ठेवणीतल्या साड्या, नवे बूट, दारात उभ्या असलेल्या गाड्या, हे सगळं बघून मला आनंदच झाला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी भेटायचं तर माणूस चार चांगले कपडे घालणारच. मी स्वतःही कपाटातली सगळ्यात चांगली साडी काढली आहे. तेव्हा आज मी साधं राहण्यावर प्रवचन देणार नाही. बोलायचं आहे ते वेगळ्या गोष्टीवर : आपण जे करतो ते कुणी बघावं म्हणून करतो?

आपल्या गणिताच्या बाई तुम्हाला आठवत असतील. आज त्या आपल्यात नाहीत. इतर शिक्षक पक्की वही तपासायचे. पक्की वही म्हणजे तांबड्या शाईचा समास, खाकी कव्हर, कोपऱ्यात सुवाच्य नाव. आपल्यापैकी किती जण ती दुसऱ्याची बघून उतरवायचे, हे इथं बसलेल्यांना चांगलं माहीत आहे. नावं घेत नाही! बाई मात्र म्हणायच्या, "पक्की राहू दे, कच्ची दाखव." कच्ची वही दाखवायला आपण लाजायचो. तिच्यात खाडाखोड, शाईचे डाग, अर्धवट सोडलेली गणितं, मागच्या पानावर फुली-गोळा. पण बाईंना त्यातच कळायचं, की या मुलाला कुठे अडलंय आणि ही मुलगी खरंच धडपडते आहे का. चुकलेल्या गणितालाही त्या कधीकधी शाबासकी द्यायच्या, कारण रीत स्वतःची असायची.

बायबलमधला देव मला पुष्कळदा या बाईंसारखा वाटतो. तो कच्ची वही मागतो.

जुन्या करारात शमुवेल नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट आहे. इस्राएलचा पहिला राजा शौल. तो चारचौघांत उठून दिसायचा, सगळ्यांपेक्षा खांद्याच्या वर उंच. पण त्याचं राज्य बिघडलं आणि नवा राजा निवडायला देवाने शमुवेलाला बेथलेहेमात इशायच्या घरी पाठवलं. इशायने एकेक मुलगा पुढे केला. थोरला एलियाब उंचापुरा, रुबाबदार. त्याला बघताच शमुवेलाला वाटलं, हाच! लक्षात घ्या, शमुवेल काही साधा माणूस नव्हता. लहानपणापासून देवाची वाणी ऐकलेला माणूस, आणि तोही उंची बघून भुलला. तेव्हा देवाने त्याला बजावलं, की माणूस बाहेरचं पाहतो, मी अंतःकरण पाहतो. असे सात मुलगे आले नि गेले. शेवटी शमुवेलाने विचारलं, एवढेच का? तेव्हा कुठे बापाला आठवलं, की धाकटा रानात मेंढरं राखतो आहे. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं! तोच दावीद.

या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. दावीदही दिसायला देखणा होता, असं त्याच अध्यायात लिहिलेलं आहे. म्हणजे रूप असणं हा काही दोष नाही. निवड रूपावर ठरत नाही, एवढंच. आणि बाहेरचं बघून निवडायची सवय लागली, की मेंढरांकडे गेलेल्या मुलाला हाक मारायचंच आपण विसरतो. ही गोष्ट मनात ठेवा, शेवटी मला तिचा उपयोग करायचा आहे.

येशूने डोंगरावर जो उपदेश केला, त्यात हा विषय अगदी उघडपणे येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पाहा. तिथे तीन गोष्टी घेतल्या आहेत : दान, प्रार्थना आणि उपास. तिन्ही चांगल्या गोष्टी. येशू असं म्हणत नाही, की लोक दिखावा करतात म्हणून तुम्ही दान बंद करा. दान करा, पण पुढे कर्णा वाजवत जाऊ नका, उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नका. प्रार्थना करा, पण चौकात उभं राहून नको, खोलीत जाऊन दार लावून करा. उपास करा, पण चेहरा ओढून नको. उलट डोक्याला तेल लावा, तोंड धुवा.

तेल लावायचं सांगितलंय, हे मला फार आवडतं. कारण दिखावा काही फक्त दागिन्यांचा नसतो, साधेपणाचाही असतो. "आम्ही बाबा साधी माणसं," असं दहादा सांगणारा माणूसही आरशासमोरच उभा असतो.

त्या अध्यायात ज्यांना 'ढोंगी' म्हटलं आहे, त्यांच्यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ नाटकातला नट असा होतो. त्या काळी ग्रीक रंगभूमीवरचे नट मुखवटे घालून काम करायचे. आपल्याकडे म्हण आहे, वरून कीर्तन, आतून तमाशा. मला ती म्हण तमाशावर जरा अन्याय करणारी वाटते. तमाशातला कलावंत तोंडाला रंग लावतो, राजाचं सोंग घेतो, पण 'हे सोंग आहे' हे त्यालाही माहीत असतं आणि प्रेक्षकांनाही. त्यात फसवणूक कुठे आहे? फसवणूक तेव्हा होते, जेव्हा नाटक संपल्यावरही रंग पुसला जात नाही, आणि हळूहळू ज्याच्या तोंडाला रंग आहे त्यालाच तो आपला चेहरा वाटू लागतो. येशू पापी माणसांशी बोलताना फारसा कठोर होत नाही. जकातदारांच्या घरी जेवतो, ज्यांना गावाने टाकलं त्यांच्याशी बोलतो. कठोर होतो तो शास्त्री-परूश्यांशी. बाहेरून चुना लावलेल्या कबरी, वरून घासलेली पण आतून घाण असलेली वाटी, असे शब्द त्याने त्यांच्यासाठी वापरले. कारण उघड आहे. जो आजारी आहे आणि आजारी आहे असं म्हणतो, त्याच्यावर उपचार होतात. आपली तब्येत ठणठणीत असल्याचं सोंग करणाऱ्यावर डॉक्टर काय उपचार करणार?

डॉक्टरांचा विषय निघाला, म्हणून माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. मी पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. जो रुग्ण स्वतः हलू शकत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाही वळवलं तर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. त्याला आम्ही बेडसोअर म्हणतो. एकदा झाली की ती जखम भरता भरत नाही. वळवल्याची नोंद पलंगाला अडकवलेल्या चार्टवर करायची असते. रात्री दोन वाजता वॉर्डात दिवे मंद असतात, नातेवाईक झोपलेले असतात, डॉक्टर नसतात. रुग्णही बऱ्याचदा बोलण्याच्या स्थितीत नसतो. चार्टवर बरोबरची खूण करायला दोन सेकंद लागतात. जड माणसाला एकटीने कुशीवर वळवायला कंबर मोडते.

मी नवीन असताना आमच्या एक वरिष्ठ सिस्टर होत्या. सकाळी राउंडला आल्या की त्या चार्ट शेवटी बघायच्या. आधी रुग्णाच्या पाठीखाली हात घालायच्या. त्वचा कोरडी आहे का, लाल झाली आहे का, चादर ओली आहे का, हे हाताने बघायच्या. म्हणायच्या, "कागदाला तोंड आहे, तो काहीही बोलेल. पाठ खोटं बोलत नाही." धर्माने त्या कोण होत्या, हे मुद्दाम सांगत नाही. पण डोंगरावरचं प्रवचन मला पहिल्यांदा नीट कळलं ते त्या वॉर्डात. प्रामाणिकपणा म्हणजे रात्री दोनला, कुणी बघत नसताना, त्या माणसाला वळवणं. त्याला 'थँक यू' म्हणता येत नाही, आणि तुम्ही केलं नाही तर तक्रारही करता येत नाही.

आता आपल्या भागातल्या दोन स्त्रियांबद्दल थोडं सांगते.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी इंग्रजी रीतिरिवाज मुकाट्याने उचलावेत, असं तिथल्या काही जणांना वाटत असे. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूस घालायचा तर त्यावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, आपल्या संस्कृतमध्ये का नकोत, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ज्यांच्या आश्रयाला त्या राहत होत्या, त्यांनाच त्या हे विचारत होत्या. बाहेरची खूण म्हणजे श्रद्धा, हे त्यांनी मान्य केलं नाही. पण रमाबाईंचा मोठेपणा याच्याही पुढचा आहे. हीच फूटपट्टी त्यांनी स्वतःलाही लावली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. तोपर्यंत त्यांचं नाव देशापरदेशात गाजलं होतं, शारदा सदन उभं राहिलं होतं. पक्की वही उत्तम होती! तरी त्या बाईने कच्ची वही उघडली आणि चारचौघांसमोर ठेवली. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना ज्या ताकदीने त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात सांभाळलं, ती ताकद मला वाटतं त्या उघड्या वहीतून आली.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मध्ये पाच वर्षं आहेत. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवऱ्याजवळ नगरला राहायला आल्यावरही त्यांचं सोवळं-ओवळं चालू होतं. ते सुटलं कधी? जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडलं. आत बदल आधी झाला, पाणी डोक्यावर नंतर पडलं. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे सगळं ठाऊक आहे. ते पुस्तक आजही ताजं वाटतं, कारण त्या बाईने स्वतःला कुठे सजवलेलं नाही. स्वतःचा भोळेपणा, भीती, हट्ट, सगळं जसंच्या तसं मांडलं आहे.

टिळकांनीही १९१७ साली मिशनचं पगारी काम सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. त्या काळी हे धाडसाचं होतं.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते, आणि थोडं धिटाईने बोलते. तुम्ही माझे वर्गमित्र आहात, रागावलात तरी डबा खायला एकत्रच बसू.

आपण शाळेला विज्ञान प्रयोगशाळेसाठी निधी देतो आहोत. फार चांगलं काम आहे. काल रात्रीच्या बैठकीत असं ठरत आलं आहे, की दाराजवळ संगमरवरी पाटी लावायची आणि देणगीच्या रकमेनुसार नावं वरपासून खालपर्यंत लिहायची. गेले तीन महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज आकडे येत आहेत, आणि त्यावर टाळ्यांच्या चित्रांची रांग लागते आहे. ज्यांनी हे केलं, त्यांचा हेतू चांगलाच होता : एकाचं बघून दुसरा देतो. पैसे जमलेही. पण दुसरी बाजू बघा.

नगरमध्येच राहणाऱ्या आपल्या वर्गातल्या काही जणांना मी मेळाव्याआधी फोन केले. त्यातले तीन जण आलेले नाहीत. एकाने कामाचं कारण सांगितलं. एकीने गुडघ्यांचं सांगितलं. तिसरा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "तिथं येऊन सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. आणि त्या यादीत किती लिहू?" तो आपल्या वर्गात सगळ्यात छान गायचा. काल रात्री आपण गाणी म्हटली, तेव्हा मला त्याचा आवाज आठवत होता.

दिखाव्याने दाखवणाऱ्याचं थोडंफार नुकसान होतच असेल. पण खरं नुकसान होतं ते ज्याच्याकडे दाखवायला काही नाही त्याचं. तो दारातूनच परत जातो. याकोबाच्या पत्रात नेमकी हीच तक्रार आहे : मंडळीत सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला पुढची जागा, आणि मळके कपडे घातलेला आला की "तिथं उभा राहा". जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं पत्र आहे. पण पत्ता आपला वाटतो.

मार्काच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसलेला आहे. ज्यू परंपरेत मंदिरातल्या अशा तेरा पेट्यांचा उल्लेख आहे, कर्ण्याच्या आकाराच्या. श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते. तिथे एक गरीब विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. टोली म्हणजे त्या काळचं सगळ्यात हलकं नाणं. येशू शिष्यांना म्हणाला, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. त्यांनी उरलेल्यातून टाकलं, हिने होतं ते सगळं टाकलं. ही गोष्ट आपण ऐकलेली असते. पण तिच्या मागचं-पुढचं वाचायचं राहून जातं. तिच्या लगेच आधी येशूने विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना सुनावलं आहे. आणि तिच्या लगेच नंतर, पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, मंदिरातून बाहेर पडताना एक शिष्य म्हणतो, गुरुजी, बघा तरी केवढाले दगड! येशू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडलं.

दगड गेले. कुणी किती टाकलं ती सगळी खाती गेली. राहिली ती दोन टोल्यांची बाई. आणि तिचं नाव कुणालाच माहीत नाही! मार्काने ते लिहिलेलंच नाही.

म्हणून माझी दोन मागणी आहेत.

पहिली, पाटीवर फक्त एवढंच लिहावं : "१९८१ची दहावी". हिशेब मात्र चोख ठेवावा. पावत्या द्याव्यात, जमाखर्च शाळेला आणि आपल्या सगळ्यांना दाखवावा. कुणाला करसवलतीसाठी कागद लागला तर तोही मिळावा. हिशेब उघडा असू दे, नावं झाकलेली असू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा लाज झाकायला. दानाला ती म्हण जास्त शोभेल. यापुढे जे द्यायचं ते बंद पाकिटात द्यावं. पाकीट शंभराचं असो की लाखाचं, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीला ते कळणार नाही आणि तिथं शिकणाऱ्या मुलांनाही कळायची गरज नाही.

दुसरी मागणी यापेक्षा महत्त्वाची आहे. जे आले नाहीत त्यांची यादी माझ्याकडे आहे. त्यात पत्ता न लागलेले आहेत, तसेच या गावातच असून न आलेलेही आहेत. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने त्यातलं एक नाव घ्यावं. फोन करावा, जमलं तर घरी जावं. मुलं काय करतात, घर केवढं बांधलं, हे विचारू नये. "तू नव्हतास, चुकल्यासारखं वाटलं," एवढं म्हणावं. पण खरंच तसं वाटलं असेल तरच म्हणावं. इशायच्या घरी सात मुलगे रांगेत उभे होते, तरी शमुवेल म्हणाला होता, तो आल्याशिवाय आपण जेवायला बसायचं नाही. आपण किमान पुढच्या मेळाव्याआधी हाक तरी मारू.

आज व्यासपीठावर बसलेल्या आमच्या सरांना आणि बाईंना मी वंदन करते. तुम्ही आमच्या वह्या तपासल्यात, तेव्हा आमच्यापैकी कोण पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टर होणाऱ्याला नि हमाल होणाऱ्याला तुम्ही एकाच बाकावर बसवलंत आणि एकाच छडीने मारलंत! त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत.

देव आपल्या सगळ्यांना आणि आपल्या शाळेला आशीर्वाद देवो. यादी माझ्या पिशवीत आहे. जेवणाआधी पंधरा मिनिटं मी पायरीवर बसते आहे.